शेकाचा दिवस बुडाला तर

कर्करोगावरच्या मोठ्या उपचारांपैकी शस्त्रक्रिया सहसा एकदा होते, केमो आठवड्या-दोन आठवड्यांनी किंवा महिन्यातून एकदा दिली जाते. रेडिओथेरपी मात्र रोजची. सोमवार ते शुक्रवार, रोज एक बैठक, असे पाच, सहा, कधी सात आठवडे. बैठक दहा-पंधरा मिनिटांची आणि त्यातही किरणं प्रत्यक्ष अंगावर पडतात ती काही मिनिटंच. बाकीचा वेळ टेबलापर्यंत पोचण्यात आणि टेबलावर काल झोपलो होतो नेमकं तसंच आज झोपण्यात जातो. रायपूरच्या रुग्णालयांत रुग्ण याला ‘सिकाई’ म्हणतात, गोंदियाकडून आलेले ‘शेक’ म्हणतात किंवा ‘लाईट घेतोय’ असं सांगतात.

मार्च २०२० मध्ये रेल्वे, एसटी, धर्मशाळा, खाणावळी असं सगळं दोन-तीन दिवसांत बंद झालं, तेव्हा देशभर असंख्य माणसं शेकाच्या मधोमध होती. कुणाचे दहा झाले होते, कुणाचे बावीस. या माणसांना ‘महिन्याभराने या’ असं सांगता येत नाही. ते का सांगता येत नाही आणि मग साथीच्या काळात ही सेवा चालू कशी ठेवायची, हे रायपूर डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

रायपूरच का? छत्तीसगडमधल्या रेडिओथेरपीचा मोठा भार याच शहरावर आहे. पंडित जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं डॉ. आंबेडकर रुग्णालय (सगळ्यांच्या तोंडी ‘मेकाहारा’) आणि तिथलं क्षेत्रीय कर्करोग केंद्र, टाटीबंधचं एम्स, आणि २०१८ पासून नवा रायपुरातलं बाल्को मेडिकल सेंटर. बस्तरमधलं जगदलपूर इथून सुमारे ३०० किलोमीटर, उत्तरेचं अंबिकापूर त्याहून दूर. गोंदियाहून हावडा मार्गाने आलं तर सुमारे १७० किलोमीटर. म्हणून आमगाव-देवरीकडच्या कुटुंबांना कधी नागपूर तर कधी रायपूर सोयीचं पडतं. छत्तीसगडमधला कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात रायपुरातच सापडला आणि एम्समध्ये दाखल झाला. ज्या शहरावर राज्याच्या शेकाचा भार, त्याच शहरावर साथीचाही भार, अशी ही गाठ पडली.

आता मुळाशी जाऊ. किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा होते. निरोगी पेशी ती इजा बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून एकूण मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात, ठरलेला डोस सामान्यतः दिवसाला २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). दोन डोसांच्या मधला वेळ निरोगी पेशींना सावरायला मिळतो. पण त्याच वेळेचा फायदा गाठीलाही मिळू शकतो. तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयमुखाच्या गाठींत उपचार सुरू होऊन चारेक आठवडे झाले, की उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. निंदण अर्धवट टाकून घरी बसलं तर धानाच्या बांधीत तण दुप्पट जोमाने येतं, तसाच हा प्रकार. १९८८ मध्ये रॉडनी विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांचे जुने निकाल एकत्र करून याचा हिशेब मांडला. चार आठवड्यांनंतर वाढणाऱ्या प्रत्येक दिवसामागे सुमारे ०.६ ग्रे इतकी मात्रा या नव्या वाढीला रोखण्यातच खर्ची पडते, असं त्यांना दिसलं. म्हणजे एक आठवडा रेंगाळलं, तर दोन दिवसांचा शेक जणू दिलाच नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा आणि आतला शेक मिळून सारं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं, हा दंडक याच कारणाने आहे. इथे वेळ हा औषधाचाच भाग आहे आणि सेवा चालू ठेवण्याचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

साथीच्या सुरुवातीला धास्ती उलट दिशेची होती. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून आलेल्या अहवालात कोरोनाच्या १५९० रुग्णांपैकी १८ जणांना कर्करोग झालेला होता आणि त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांची प्रकृती गंभीर झाली होती. इतरांत हे प्रमाण ८ टक्के होतं. १८ माणसांवरून काढलेला हा आकडा जगभर फिरला आणि पुष्कळांनी उपचारच पुढे ढकलले. मे महिन्यात ब्रिटनमधल्या, कोरोना झालेल्या ८०० कर्करुग्णांचा अभ्यास आला. त्यात मृत्यूचा धोका वयाशी आणि इतर आजारांशी जोडलेला दिसला, नुकत्याच घेतलेल्या केमोशी किंवा शेकाशी नाही. त्या पहिल्या दोन महिन्यांत घाईने ‘थांबू या’ म्हणणं चूक होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. पण ज्यांनी तेव्हाही रुग्णागणिक धोका तोलून पाहिला, त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

तोलायचं कसं? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने शेकातल्या खंडाविषयी साथीच्या कितीतरी आधी तीन गट ठरवले होते. पहिल्या गटात वेगाने वाढणाऱ्या आणि बरं करण्याच्या हेतूने शेक दिल्या जाणाऱ्या गाठी: डोकं-मान, गर्भाशयमुख, फुप्फुस, अन्ननलिका. इथे ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवसांहून अधिक लांबण नको. दुसऱ्या गटात स्तन, प्रोस्टेट अशा सावकाश वाढणाऱ्या गाठी. इथे पाच दिवसांपर्यंत चालतं. तिसऱ्या गटात केवळ वेदना किंवा त्रास कमी करण्यासाठीचा शेक. त्यात सात दिवसांपर्यंत फारसं बिघडत नाही. साथीत ज्या विभागांनी आपल्या मशीनची यादी पहिल्याच दिवशी अशा तीन रंगांत रंगवून घेतली, त्यांना पुढचे निर्णय सोपे गेले. रायपूरच्या यादीत पहिला रंग ठळक असणार. छत्तीसगडमध्ये तंबाखू आणि गूळ कालवून केलेला गुडाखू दातांना लावायची सवय खेड्यापाड्यांत, बायांमध्येही आहे. तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग इथे नेहमीचा आहे. म्हणजे ज्यांना थांबवता येत नाही असेच रुग्ण इथे जास्त.

खंड पडलाच तर तो भरून कसा काढतात, हे एका उदाहरणाने समजेल. समजा, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाला ३० बैठकांत ६० ग्रे द्यायचे आहेत. सोमवारी सुरू केलं तर सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी, म्हणजे ४० व्या दिवशी संपायला हवं. तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी त्याची बारावी बैठक झाली आणि संध्याकाळी कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली. विलगीकरण संपवून तो पाचव्या आठवड्याच्या सोमवारी परत आला. मधल्या आठ बैठका बुडाल्या, १८ उरल्या. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, या चालीने गेलं तर उपचार आठव्या आठवड्यात संपतील आणि पाचव्या आठवड्यापासूनचा प्रत्येक जास्तीचा दिवस गाठीच्या पथ्यावर पडेल. त्याऐवजी पाचवा आणि सहावा आठवडा असे दोन्ही शनिवार धरून बारा दिवस घ्यायचे आणि त्यांतले सहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन बैठका द्यायच्या. अठरा पुऱ्या होतात आणि शेवट ४१ व्या दिवशी येतो. अट इतकीच की एका दिवसाच्या दोन बैठकांमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं. नाहीतर निरोगी ऊतींना दुरुस्तीला वेळ मिळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथे कायमची इजा दिसते. तोंड जास्त सोलवटतं, गिळणं अवघड होतं, नाकातल्या नळीने जेवण द्यावं लागू शकतं. ते आधी सांगायचं, तयारी ठेवायची आणि तरी हाच मार्ग घ्यायचा. यासाठी शनिवारी मशीन चालू हवं, त्या दिवशी मशीन चालवणारे टेक्नॉलॉजिस्ट आणि मात्रेचा हिशेब करणारे फिजिसिस्ट हजर हवेत आणि रुग्णाला मधले सहा तास रुग्णालयाजवळ बसायला, चार घास खायला जागा हवी. शेवटची गोष्ट फुटकळ वाटते. पण बाहेर सगळं बंद असताना रुग्ण परत जायचा विचार करतो तो नेमका तिच्यापायी.

दुसरी युक्ती बैठकाच कमी करण्याची. रोजचा डोस थोडा वाढवून एकूण दिवस घटवायचे. स्तनाच्या कर्करोगासाठी एके काळी २५ बैठका होत्या. ब्रिटिश चाचण्यांनी १५ बैठकांत ४० ग्रे तितकेच चांगले हे दाखवून बरीच वर्षं झाली होती. आणि योगायोग असा की २८ एप्रिल २०२० ला, देश टाळेबंदीत असताना, ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. एका आठवड्यात पाच बैठकांत २६ ग्रे, आणि आजार उलटण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा वाईट नाही. ज्या बाईला जशपूरहून येऊन पाच आठवडे राहावं लागलं असतं, तिचं काम एका आठवड्यात. प्रोस्टेटचं सुमारे साडेसात आठवड्यांचं वेळापत्रक चार आठवड्यांवर येतं. गुदाशयाच्या काही गाठींना ५ दिवसांत २५ ग्रे पुरतात. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेला तर एकाच बैठकीतले ८ ग्रे बहुतेकांना तितकाच आराम देतात, जितका दहा बैठकांनी मिळतो. हे शेवटचं साथीच्या कितीतरी आधी सिद्ध झालेलं होतं. तरीही अनेक ठिकाणी दहा बैठकांची सवय सुटली नव्हती. माझं मत विचाराल तर लांबून येणाऱ्या गरीब रुग्णासाठी हे बदल साथीची वाट न पाहता व्हायला हवे होते. कमी बैठका म्हणजे कमी बुडालेली मजुरी आणि मशीनवर दुसऱ्या कुणासाठी मोकळी झालेली वेळ.

पण सगळीकडे कात्री चालत नाही. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या शेकाच्या २५ बैठका जवळपास तशाच राहिल्या. तिथे वाचवता येतात त्या ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे आतून देण्याच्या शेकाच्या फेऱ्या. ७ ग्रेच्या तीन-चार फेऱ्यांऐवजी ९ ग्रेच्या दोन, ही पद्धत भारतातल्या काही मोठ्या संस्थांत आधीपासून रुळलेली होती. दर फेरीला भूल, दर फेरीला ऑपरेशन थिएटर. त्यामुळे एक फेरी वाचली तरी साथीत मोठा भार उतरतो.

आता मशीनच्या खोलीत जाऊ. ही खोली म्हणजे दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींचा, खिडकी नसलेला तळघरासारखा कक्ष. वळणावळणाची वाट, जड दरवाजा, हवा फक्त एसीची. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. आणि डोक्या-मानेच्या रुग्णाला या खोलीत तोंडाला मास्क लावता येत नाही, कारण त्याच्यासाठी वेगळाच मास्क असतो. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा सुमारे ७० अंश गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत तो थंड होऊन चेहऱ्याचाच साचा बनतो. रोज तो साचा चढवून टेबलाला कड्यांनी अडकवला की डोकं जवळजवळ हलत नाही. आत कापडी किंवा सर्जिकल मास्क घातला तर साचा नीट बसत नाही आणि किरणं चुकीच्या जागी जातात. साचा बनवताना दोन टेक्नॉलॉजिस्ट त्या उघड्या, खोकणाऱ्या, लाळ गळणाऱ्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकलेले असतात. म्हणून एन-९५, फेस शील्ड आणि हातमोजे आधी या दोघांना द्यायचे. साच्याची आतली बाजू रोज लाळेने ओली होते, ती प्रत्येक वेळी जंतुनाशकाने पुसायची. साचा नाव लिहून वेगळा टांगायचा. टेबल, रिमोट, दरवाजाचं बटणही प्रत्येक रुग्णानंतर पुसायचं.

ज्यांच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, त्यांना दिवसाच्या शेवटी घ्यायचं. कोरोना असूनही ज्यांचा शेक थांबवता येत नाही, त्यांना सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्यानंतर खोली धुऊन रात्रभर रिकामी ठेवायची. पाठीच्या कण्यावर दाब येऊन पाय जाऊ लागलेला किंवा गर्भाशयमुखातून रक्तस्राव न थांबणारा रुग्ण पॉझिटिव्ह आला म्हणून परत पाठवायचा नाही. त्याला त्या शेवटच्या वेळेत घ्यायचं. भारतातल्या सरकारी रुग्णालयात एका मशीनवर दिवसाला पन्नास-साठ रुग्ण होतात. दर रुग्णासोबत एक नातेवाईक धरला तरी प्रतीक्षागृहात शंभरावर माणसं. म्हणून प्रत्येकाला घड्याळाची वेळ द्यायची, नातेवाइकाला बाहेर झाडाखाली बसवायचं आणि फोन करून आत बोलवायचं. मशीन सकाळी लवकर सुरू करून रात्री उशिरापर्यंत चालवायचं.

माणसांचं गणित यंत्रापेक्षा कठीण. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार पात्र फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय हा विभाग चालवता येत नाही. विभागात फिजिसिस्ट दोघेच असतील आणि दोघांनी एकत्र चहा घेतला, तर एकाच्या पॉझिटिव्ह अहवालाने दोघे घरी आणि सगळे शेक बंद. म्हणून दोन तुकड्या करायच्या, एकमेकींना न भेटणाऱ्या, आलटून पालटून येणाऱ्या. संगणकावरचं नियोजन जमेल तितकं घरून, डॉक्टरांची चर्चा व्हिडिओवर. सरकारी रुग्णालयांत कर्करोग विभागाचे डॉक्टरही कोविड वॉर्डात ड्यूटीला लावले गेले. त्या काळाची गरज म्हणून ते समजतं. पण फिजिसिस्ट आणि टेक्नॉलॉजिस्ट यांना तरी त्यातून वगळणं आवश्यक आहे, कारण त्यांच्या जागी दुसरा कुणी उभा करता येत नाही.

यंत्रांचीही आपली गोष्ट आहे. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे लिनॅक रोज सकाळी तपासावा लागतो, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीचा अभियंता बहुधा दुसऱ्या शहरातून येतो. विमानं बंद असताना साधा बिघाडही आठवडाभर लांबू शकतो. कोबाल्टचं मशीन जुन्या वळणाचं, पण दणकट. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ याच जातीचं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षं, म्हणजे त्याची ताकद महिन्याला जेमतेम एक टक्का घटते. ब्रॅकीथेरपीत सर्रास वापरला जाणारा इरिडियम-१९२ मात्र ७४ दिवसांत निम्मा होतो, दिवसाला जवळपास एक टक्का. तो तीन-चार महिन्यांनी परदेशातून नवा मागवावा लागतो. नवा आला नाही तर दहा मिनिटांचा उपचार वीस मिनिटांचा होतो, मग त्याहून लांबतो. २२ मार्च २०२० पासून परदेशी प्रवासी विमानं थांबली, तेव्हा ही अडचण किती खरी आहे ते दिसलं. समुद्रापासून आणि मोठ्या विमानतळांपासून दूर असलेल्या रायपूरसारख्या शहराला ब्रॅकीथेरपीसाठीही कोबाल्टचा स्रोत असणं शहाणपणाचं वाटतं. तो वर्षानुवर्षं टिकतो.

इतकं सगळं जमलं तरी रुग्ण टेबलापर्यंत यायला हवा. नागपूर-रायपूर महामार्गावर बागनदीच्या नाक्यावर २०२० च्या एप्रिल-मेमध्ये पायी घराकडे निघालेल्या मजुरांची रीघ लागली होती. सीमेपलीकडून शेकासाठी येणाऱ्याला त्याच नाक्यावर ई-पास आणि डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी लागायची. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रायपूर जिल्हा ९ तारखेच्या संध्याकाळपासून पूर्ण बंद झाला. अशा वेळी रुग्णालयाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याच्या सगळ्या तारखा लिहिलेलं शिक्क्याचं पत्र द्यायचं, म्हणजे नाक्यावरच्या शिपायाला पंचवीस दिवसांचं येणं-जाणं एका कागदात दिसतं. ज्यांना रोज येणं शक्य नाही त्यांच्यासाठी जवळ राहण्याची सोय करायची. १ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजनेतून तेव्हा उपचाराचा खर्च निघायचा, पण सोबतच्या माणसाच्या खोलीभाड्याचा आणि जेवणाचा प्रश्न उरायचाच. आणि जो रुग्ण आज आला नाही, त्याला आजच संध्याकाळी फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

देशभरात काय घडलं याचा हिशेब टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने मांडला. ४१ केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची आधीच्या वर्षाशी तुलना केली. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. शेक घेणारे २३ टक्क्यांनीच घटले. पण नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्के घट. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. जे आधीच मशीनवर होते, त्यांना विभागांनी हिकमतीने बरंच सांभाळलं. जे अजून दारातच आले नव्हते ते हुकले. त्या तीन महिन्यांत कर्करोग तर कमी झालेला नव्हता. ही माणसं पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने आली, तेव्हा गाठ मोठी झालेली, मानेत उतरलेली, आणि बरं करण्याऐवजी केवळ वेदना कमी करण्याचा शेक हातात उरलेला.

त्यांच्यापर्यंत पोचायला छत्तीसगडकडे एक साधन आहे. २००२ पासून इथे गावोगावी मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, आहेत, देशात ‘आशा’ येण्याच्या आधीपासून. साथीत त्यांना घरोघरी ताप-खोकला विचारत फिरवलं गेलं. त्याच फेरीत दोन प्रश्न जास्तीचे विचारता येतात: तोंडात तीन आठवडे न भरलेलं पांढरं-लाल चट्ट्याचं किंवा जखमेचं काही आहे का, आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का. ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव आणि फोन जिल्हा रुग्णालयाकडे, तिथून तपासणी होऊन रायपूरच्या यादीत. ही फेरी टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यापासूनच सुरू व्हायला हवी. दार उघडून ताप विचारणारी बाई त्या घरात आधीच उभी असते.